पट्टी ज्याची त्याची

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सांगलीतल्या माझ्या घरचा संध्याकाळचा वर्ग सुटत होता, मुली जिन्यात छत्र्या शोधत उभ्या होत्या. त्यांच्यातली एक विशारदच्या परीक्षेला बसणारी, एकोणीस वर्षांची. सहा महिने ती पूरिया धनाश्री घोटत होती आणि त्या दिवशी तिचा विलंबित ख्याल खरोखर जमून आला होता. मीच तिला सांगितलं होतं, आजचं फोनवर रेकॉर्ड करून ठेव. दोन दिवसांनी विचारलं, "ऐकलंस का गं?" म्हणाली, "ऐकलं ताई, आणि पुसून टाकलं."

का, तर त्याच रात्री तिच्या फोनवर दुसऱ्या शहरातल्या एका मुलीचा छोटासा व्हिडिओ आला होता. वय साधारण हिच्याएवढंच. पन्नास सेकंदांची तान, दाणेदार, स्वच्छ, काळी पाचच्या पट्टीत. "ती बघा कुठे पोहोचली, आणि मी अजून इथेच." त्या आठवड्यापासून तिने आपला तंबोरा चढवून काळी पाचला लावायला सुरुवात केली. पंधरा दिवसांत आवाज बसला.

'दुसऱ्याशी तुलना करू नये' हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. पण तेच वाक्य मी तिच्या वयाची असताना मलाही ऐकवलं गेलं होतं आणि त्याचा मला काडीचा उपयोग झाला नव्हता. उलट तुलना होतेच आहे आणि ती होऊ नये असं सांगितलंय, म्हणजे आपल्या मनातच काही खोट आहे, अशी आणखी एक बोच लागली. म्हणून मी गप्प राहिले आणि या गोष्टीचा नीट विचार करायला लागले.

पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी, की गाणाऱ्याला 'तुलना करू नकोस' म्हणणं निरर्थक आहे. गाणं शिकणं ही सबंध तुलनाच आहे. गुरूने लावलेला गंधार आणि आपण लावलेला गंधार यांत किती अंतर आहे हे ऐकू येणं, म्हणजे कान तयार होणं. जिला हा फरक ऐकू येत नाही तिला कोणाबद्दल असूयाही वाटणार नाही आणि गाणंही येणार नाही. ज्या कानाने आपण शिकतो तोच कान रात्री फोन हातात घेतल्यावर आपल्याला छळतो. तो बंद कसा करणार? त्याला काय ऐकायचं आणि कशाशी ताडून पाहायचं, एवढंच आपल्या हातात आहे.

लिऑन फेस्टिंजर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली सामाजिक तुलनेचा सिद्धांत मांडला. त्याचं सांगणं थोडक्यात असं: आपली कुवत किती आहे हे जाणून घेण्याची ओढ माणसाला असतेच. ती मोजायला वस्तुनिष्ठ साधन असेल तर माणूस ते वापरतो. नसेल तर शेजारच्या माणसाकडे बघतो. आणि त्यासाठी तो फार वरचा किंवा फार खालचा माणूस निवडत नाही, आपल्या आसपासच्या पातळीचाच निवडतो. किशोरीताई आमोणकरांचा भूप ऐकून माझ्या विद्यार्थिनीला कधी कमीपणा वाटला नव्हता, आनंदच झाला होता. तिला रडू आलं ते एकोणीस वर्षांच्या मुलीमुळे.

आता गाणाऱ्याकडे असं वस्तुनिष्ठ साधन आहे का? एका बाबतीत नक्की आहे. तंबोरा. पंचम लागला की नाही, षड्ज तंबोऱ्यात मिसळला की वर तरंगतो आहे, हे तंबोरा तत्क्षणी सांगतो. तिथे शेजारणीकडे बघावंच लागत नाही. तालाचंही तसंच, सम चुकली तर चुकली, त्यात मत-मतांतर नाही. पण आजचं गाणं कसं झालं, त्यात रंग भरला का, माझ्या गाण्याला काही अर्थ आहे का, याला कुठलीच मोजपट्टी नाही. नेमक्या तिथे आपली नजर शेजारी जाते. आणि शेजाऱ्याकडे बघून त्याचं उत्तर मिळत नाही ते नाहीच, कारण त्याच्याकडेही ती मोजपट्टी नसते.

हा त्रास जुना आहे, पण त्याचं आजचं रूप तंत्राने घडवलं आहे. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्यात आले आणि १९०२ च्या नोव्हेंबरात गौहरजानचं गाणं तबकडीवर उतरलं. त्याआधी गवयाला दुसऱ्या गवयाचं गाणं ऐकायचं तर समोर बसूनच ऐकावं लागे. समोर बसलं की सगळंच ऐकू येतं: आवाज लागायला गेलेला पहिला अर्धा तास, मध्येच आलेला खोकला, जमता जमता निसटलेली जागा, न रंगलेला दुसरा राग. तबकडीत मावत होती जेमतेम तीन मिनिटं. गवई ती तीन मिनिटं निवडून, तयारी करून, उत्तम तेवढंच देत असे. ऐकणारा मात्र तिची तुलना स्वतःच्या सकाळच्या रियाजाशी करायला लागला. आज ती तीन मिनिटं पन्नास सेकंदांवर आली आहेत, आणि त्या पन्नास सेकंदांआधी किती वेळा गाऊन पाहिलं, आवाजावर नंतर काय संस्कार केले, हे ऐकणाऱ्याला कळायला काहीच मार्ग नाही. दुसऱ्याची निवडलेली तान आणि आपला न निवडलेला अख्खा दिवस, अशी ही तुलना आहे.

तरी तबकडीला दोष देऊन चालणार नाही. गदगच्या एका अकरा वर्षांच्या मुलाने अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतली ठुमरी ध्वनिमुद्रिकेवर ऐकली आणि असं गाता आलं पाहिजे म्हणून १९३३ साली तो घरातून पळाला. ग्वाल्हेर, कलकत्ता, जालंधर असा भटकून शेवटी कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या दारात पोहोचला. ते भीमसेन जोशी. तीही तुलनाच होती. स्वतःहून कितीतरी मोठ्या माणसाशी केलेली. मग एकाला घरातून पळायचं बळ देणारी तीच गोष्ट दुसरीला आपलं गाणं पुसून टाकायला का लावते?

पेनेलोपी लॉकवूड आणि झिवा कुंडा या कॅनडातल्या दोन संशोधिकांनी १९९७ साली या प्रश्नावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना त्यांनी शेवटच्या वर्षाला असलेल्या एका अतिशय यशस्वी विद्यार्थ्याबद्दल वाचायला दिलं. पहिल्या वर्षाच्या मुलांना ते वाचून उभारी आली. शेवटच्या वर्षाच्या मुलांना तशी उभारी आली नाही. पहिल्यांना वाटलं, आपल्यालाही हे जमेल, वेळ आहे. दुसऱ्यांना वाटलं, आपली वेळ निघून गेली. समोरचा माणूस तोच, त्याचं यशही तेच. फरक होता तो वाट उघडी दिसते की बंद, एवढाच.

गाणाऱ्याला वाट बंद दिसायचं मुख्य कारण वय. स्पर्धा, शिष्यवृत्त्या, टीव्हीवरचे लहान मुलांचे गाण्याचे कार्यक्रम या सगळ्यांनी गाण्याला वयाचं कुंपण घातलं आहे. बारा वर्षांची मुलगी पडद्यावर गाजली की एकोणीस वर्षांच्या मुलीला आपण म्हाताऱ्या झालो असं वाटतं. मला अशा वेळी मल्लिकार्जुन मन्सूर आठवतात. आधी मिरजेत नीलकंठबुवांकडे, मग मंजीखाँ आणि भूर्जीखाँ यांच्याकडे ते शिकले आणि आयुष्यभर गात राहिले. १९७० साली पद्मश्री मिळाली तेव्हा ते साठीला टेकले होते, आणि त्यांचं देशभर नाव झालं ते त्याच सुमाराला. चाळिशीत त्यांनी आपली गाठ कोणा लोकप्रिय गवयाशी घालून पाहिली असती तर हिशेब नक्कीच तोट्याचा निघाला असता.

बर्लिनच्या व्हायोलिन शिकणाऱ्यांवर अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या १९९३ च्या अभ्यासातूनही असंच एक कुंपण उभं राहिलं, तासांचं. त्यातली 'दहा हजार तास' ही सरासरी होती, पात्रतेची अट नव्हती. एरिक्सन यांनी पुढे ते स्पष्टही केलं. पण लोकांनी आकडा तेवढा उचलला आणि रियाजाच्या तासांची एक नवी चढाओढ सुरू झाली. 'ती सहा तास बसते, मी तीनच.' ती सहा तास काय करते, हे कोणी विचारत नाही.

आता पुसून टाकलेल्या त्या गाण्याकडे वळते. आपलं स्वतःचं गाणं ऐकताना एक अन्याय आधीच झालेला असतो आणि तो समजून घेतला पाहिजे. दुसऱ्याचा आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो. स्वतःचा आवाज दोन वाटांनी येतो: हवेतून, आणि कवटीच्या हाडांतून थेट आतल्या कानाकडे. हाडांतून येणाऱ्या ध्वनीत खालच्या कंपनांचा भाग भरदार असतो, म्हणून गाताना आपला आवाज आपल्याला घुमारदार वाटतो. फोनने टिपलेला असतो तो फक्त हवेतला आवाज. तो ऐकला की 'शी, माझा आवाज इतका पातळ?' असा धक्का बसतो. हा धक्का गवयालाही बसतो आणि घरात सहज बोलणाऱ्यालाही. समोरच्या मुलीच्या आवाजाबाबत आपल्याला असा धक्का बसत नाही, कारण तिचा आतला घुमारा आपण कधी ऐकलेलाच नसतो. म्हणजे तुलनेच्या पहिल्या पायरीवरच आपलं माप कमी भरतं, आणि ते आपल्या गाण्यामुळे नाही. यावर उपाय एकच, स्वतःचं ध्वनिमुद्रण इतक्या वेळा ऐकायचं की तो आवाज परका वाटेनासा होईल. मी वर्गात हे सक्तीने करून घेते. दोन-तीन महिने लागतात.

आणि पट्टी. गळ्यातल्या स्वरतंतूंची लांबी मोठ्या पुरुषांत साधारण १७ ते २५ मिलिमीटर, बायकांत साडेबारा ते साडेसतरा मिलिमीटर. त्यांची जाडी, ताण, घशाची आणि तोंडाची पोकळी, या सगळ्यातून आवाज कुठे मोकळा होतो ते ठरतं. हे रियाजाने थोडंफार सरकतं, बदलत नाही. काळी पाचमध्ये गाणारी मुलगी काळी तीनमध्ये गाणारीपेक्षा वरच्या दर्जाची नसते. तिच्या गळ्याची घडण वेगळी असते. हे लिहिलं की इतकं उघड वाटतं, पण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तरी मुली सुरुवातीला कोणाच्या तरी पट्टीत गात येतात. आईच्या, आधीच्या बाईंच्या, एखाद्या गाजलेल्या गायिकेच्या.

इथे आपल्या संगीताच्या इतिहासातली एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म तिच्यात आहे. अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) तरुणपणी आमलेटा संस्थानात चाकरीला होते. तिथे गाण्याचा इतका भार पडला की त्यांचा आवाज गेला. दोनेक वर्षांनी परत आला तो पहिल्यासारखा नव्हता. तरुणपणीची ती चमक, ती लवचीकता गेली होती. अशा माणसाने स्वतःच्याच जुन्या आवाजाशी तुलना करत उरलेलं आयुष्य काढलं असतं तर कोणी नावं ठेवली नसती. खाँसाहेबांनी त्या बदललेल्या गळ्याला काय साधतं ते शोधलं. लयीला धरून पेचदार वळणांनी पुढे सरकणारी, बलपेचांची, अनवट रागांची गायकी त्यांनी घडवली. कोल्हापूरला शाहू महाराजांच्या दरबारी गायक म्हणून ते स्थिरावले आणि तिथून ती गायकी महाराष्ट्रभर पसरली. आज ज्याला आपण जयपूर-अत्रौली घराणं म्हणतो आणि ज्याच्या शिस्तीचा धाक शिकणाऱ्यांना वाटतो, त्याच्या मुळाशी एक बिघडलेला आवाज आहे.

आणि तो एकटाच नाही. हुबळीच्या गंगूबाई हनगल यांच्या १९३० च्या दशकातल्या तबकड्या ऐकल्या तर आवाज पातळ, बायकी, गोड लागतो. पुढे टॉन्सिलच्या दुखण्यावर उपचार झाले आणि आवाज खाली उतरला, जाड, जवळजवळ पुरुषी झाला. ज्या काळात बाईच्या गाण्यात गोडवा शोधला जात होता, त्या काळात हा आवाज घेऊन त्या उभ्या राहिल्या, आणि त्या आवाजातला त्यांचा ठाम, सरळ षड्ज आजही ऐकणाऱ्याला जागेवर बसवतो. गोड गळ्याच्या गायिका त्यांच्या आजूबाजूला होत्या. त्यांच्यासारखं होण्याचा प्रयत्न करणं गंगूबाईंना शक्यच नव्हतं. त्यांना जो गळा मिळाला होता त्यालाच त्यांनी वाहून घेतलं.

एकाच गुरूच्या दोन शिष्यांमध्ये तर तुलना टाळणं अशक्यच. अल्लादियाखाँच्या शिष्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर. दोघी गोव्याच्या. दोघींमध्ये चुरस होती आणि तिचे किस्से रसिकांनी मिटक्या मारत सांगितले. मला ते किस्से सांगण्यात रस नाही. गाणं ऐका. केसरबाईंचा भरघोस, खुला आकार मैफल भरून टाकतो. त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेली. मोगूबाईंचं गाणं आत वळलेलं, लयीवर विलक्षण हुकमत असलेलं, एका एका मात्रेचा हिशेब चुकता करणारं. तालीम एका घरची. पण एकीच्या गळ्यात ते गाणं मावळतीच्या उन्हासारखं पसरतं, दुसरीच्या गळ्यात सोनाराच्या कामासारखं बारीक होतं. यातलं कोणतं मोठं, या प्रश्नावर पिढ्यान् पिढ्या वाद झाले. त्या वादातून आपल्या कानाला काय मिळालं, ते मला अजून सापडलेलं नाही.

नक्कल करणं वाईट, असंही मी म्हणणार नाही. कुमार गंधर्वांची सुरुवातच नकलेने झाली. बेळगावजवळच्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळीमठ लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून जशाच्या तशा गात असे, आणि त्या नवलाईवरच त्याचं नाव झालं. मुंबईत प्रो. बी. आर. देवधरांकडे तो शिकायला आला तेव्हा तो आधीच प्रसिद्ध होता. विचार करा, ज्या मुलाला दुसऱ्याचं गाणं हुबेहूब गाता येतं आणि त्यासाठीच टाळ्या मिळतात, त्याच्यापुढे केवढा मोह असेल. देवधर मास्तरांनी त्याला अनेक घराण्यांचं गाणं ऐकवलं, शिकवलं, विचार करायला लावलं. मग क्षय झाला. १९४८ च्या जानेवारीत ते देवासला राहायला गेले. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. स्ट्रेप्टोमायसिन नावाचं औषध तेव्हा नुकतंच मिळू लागलं होतं, त्याने जीव वाचला, पण एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं.

सुमारे पाच वर्षं ते अंथरुणावर पडून ऐकत होते. खिडकीबाहेरून जाणाऱ्या माळव्यातल्या बायकांची गाणी, फेरीवाल्यांच्या हाका, भजनं. त्या काळात त्यांच्या बरोबरीचे लोक मैफली गाजवत होते. पुन्हा गायला लागले तेव्हा लांब दमसासाचं गाणं अशक्य होतं. छोट्या, टोकदार, अचानक उसळणाऱ्या स्वरवाक्यांचं एक नवं गाणं आलं, आणि लोकधुनांतून निघालेले राग आले. १९६५ साली त्यांच्या रचनांचं 'अनूपरागविलास' प्रसिद्ध झालं. पण मला या संदर्भात त्यांची सगळ्यांत मोठी गोष्ट वाटते ती 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम. लहानपणी इतरांचं गाणं हुबेहूब उतरवणारा हा माणूस मोठेपणी बालगंधर्वांच्या पदांकडे पुन्हा गेला आणि या वेळी त्याने नक्कल केली नाही; आपल्याला काय उमजलं ते गायलं. त्या नावातल्या 'मला उमजलेले' या दोन शब्दांत दुसऱ्या कलावंताकडे कसं बघावं याचं सगळं शिक्षण आहे, असं मी माझ्या वर्गात नेहमी सांगते.

बालगंधर्वांचं नाव निघालं म्हणून आणखी एक प्रसंग. १९२० च्या आसपास मराठी रंगभूमीवर दोन गाणारे नट शिखरावर होते. गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले. दोन कंपन्या, दोघांचे दोन पक्ष, आणि कोण श्रेष्ठ यावर चाललेले हमरीतुमरीचे वाद. १९२१ च्या जुलैमध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी दोघांनी मुंबईत एकत्र 'मानापमान' केलं: केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. त्या 'संयुक्त मानापमाना'ची आठवण मराठी माणसाने शंभर वर्षं जपली आहे. प्रेक्षक तिथे तुलना करायलाच आले होते, याबद्दल मला शंका नाही. रंगमंचावरच्या दोघांना मात्र समोरच्याचं पद ऐकून त्याच्या पुढचं आपलं पद उभं करायचं होतं. एकमेकांच्या सुराला सूर देताना आपण वरचढ की समोरचा, हा हिशेब मांडायला वेळ कुठला? त्यानंतर तीनच महिन्यांनी केशवराव गेले, अवघ्या एकतिसाव्या वर्षी.

यातून मी माझ्या वर्गात एक पद्धत आणली. ज्या मुलीच्या गाण्याने दुसरीला त्रास होतो, तिच्यामागे त्या दुसरीला तंबोऱ्यावर बसवते. समोर बसून ऐकलं की ती परीक्षक होते; मागे तंबोरा घेऊन बसली की तिच्या गाण्याला आधार देणारी होते. आणि मागून फार वेगळं दिसतं. तान सुरू करण्याआधी घेतलेला घाईचा श्वास दिसतो, हाताच्या थरथरत्या बोटांची पकड दिसते, अवघड जागा जवळ आली की ताठ होणारी मान दिसते. फोनवर यातलं काही दिसत नाही.

दुसरी पद्धत वहीची. एखादीचं गाणं ऐकून जीव जळला तर मी म्हणते, जळू दे, त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण नेमकं कशाने जळला ते लिही. 'ती छान गाते' असं लिहायचं नाही. 'ती धैवतावरून पंचमावर येताना मधे थांबत नाही', 'तिचा आकार तार सप्तकातही तोंडात बंद होत नाही', असं लिहायचं. बहुतेक वेळा वाक्य पुरं होईपर्यंत मत्सर निम्मा उतरलेला असतो आणि हातात एक काम आलेलं असतं. आठवडाभर ती मींड घोटायची. माणसाशी तुलना केली तर करण्यासारखं काहीच हाती लागत नाही. स्वराशी केली की उद्याचा रियाज ठरतो. त्याच वहीत महिन्याच्या पहिल्या तारखेला एकच चीज गाऊन ती ध्वनिमुद्रित केल्याची नोंद. ती ध्वनिमुद्रणं पुसायची नाहीत. सहा महिन्यांनी पहिलं आणि सहावं लागोपाठ ऐकायचं.

फोनबद्दल थोडक्यात. इन्स्टाग्रामवर लाइकचे आकडे लपवायची सोय २०२१ पासून सगळ्यांना आहे, ती वापरावी. आणि कोणाची चाळीस-पन्नास सेकंदं आवडली तर तिचं चाळीस मिनिटांचं गाणं शोधून ऐकावं. ते मिळालं नाही तर मत बनवू नये.

एक गोष्ट मात्र या सगळ्यापासून वेगळी काढली पाहिजे. कोणाला कार्यक्रम मिळतात, कोणाला नाही. कोणाची बिदागी किती. महोत्सवाच्या पत्रिकेवर कोणाचं नाव येतं, हे सगळं गुणवत्तेवर ठरतं असं कोणी समजू नये. शहर, घराणं, ओळखी, पैसा, फोन धरून उभं राहणारं माणूस घरात असणं, यांचा त्यात मोठा वाटा आहे. इथे जे वाईट वाटतं ते मनाचा दुबळेपणा म्हणून झटकून टाकायला सांगणं अन्यायाचं आहे. ती तक्रार खरी असू शकते. ती आयोजकांकडे मांडावी, बरोबरीच्या चार जणींनी मिळून आपली छोटी बैठक सुरू करावी, घराच्या दिवाणखान्यात वीस माणसांपुढे गावं. फक्त ती तक्रार तंबोऱ्यासमोर आणू नये. 'मला बोलावलं नाही' याचा अर्थ 'माझा गंधार कमी आहे' असा लावून घेतला की रियाज नासतो. या दोन वाक्यांची गल्लत झाल्यामुळे गाणं सोडलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यातल्या काहींचा गंधार आजही माझ्या कानात आहे.

दिवाळीनंतर आम्ही मिरजेला गेलो, मी आणि ती मुलगी. तिच्या आजीचा जुना तंबोरा माळ्यावर पडून होता, त्याची जवारी पार गेली होती. मिरजेत दीडशेहून जास्त वर्षं ही कारागिरी चालत आली आहे. २०२४ साली तिथल्या सतारींना आणि तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. दुकानात वर, खाली, भिंतीला, सगळीकडे सुकलेले भोपळे टांगलेले. बरेचसे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले. एकाचा घेर दुसऱ्यासारखा नाही. कारागिराने आमच्या तंबोऱ्याच्या भोपळ्यावर बोटाने दोनदा वाजवून पाहिलं, तारा उतरवल्या आणि घोडीवर अंगठा फिरवला. इतक्या वर्षांच्या तारांनी तिच्यावर चार बारीक चऱ्या पाडल्या होत्या.

"पट्टी कोणती?" त्याने कानस हातात घेता घेता विचारलं. पट्टी कळल्याशिवाय कोणती तार घालायची आणि घोडी किती घासायची हे त्याला ठरवता येत नाही.

ती माझ्याकडे बघायला लागली. मी भोपळ्यांकडे बघत राहिले.

"काळी तीन," ती म्हणाली.

"काळी तीन," तो म्हणाला, आणि घासायला लागला. घोडीवरून उडालेली पांढरी पूड त्याच्या गुडघ्यावर साचत होती. थोड्या वेळाने त्याने तारा चढवल्या, सुताचा एक तुकडा तोडून तारेखाली सरकवला, बोटाने मागे-पुढे केला. तार आधी नुसतीच वाजत होती. सूत आणखी केसभर सरकलं आणि ती बोलायला लागली.

"बघा लावून," तो म्हणाला. ती तिथेच, दाराजवळच्या सतरंजीवर बसली आणि तिने षड्ज लावला.